चावीचा कॅमेरा घेऊन वऱ्हाडात

एक अट आधीच मान्य करा. या प्रवासात ज्या साली तुम्ही उतराल, त्या साली जे यंत्र मिळत होतं तेवढंच तुमच्या खांद्याला असेल. निर्माता नाही, अनुदान नाही. तुम्ही स्वतंत्र माहितीपटकार आहात, म्हणजे यंत्र तुमचं, तिकीट तुमचं आणि भाकरही तुम्हीच मिळवायची. विषय मात्र पक्का: वऱ्हाडातले गाणारे, बोलणारे आणि देवाला जाब विचारणारे लोक.

साल १९३८, पौष महिना. मूर्तिजापूरला मोठ्या लायनीवरून उतरून तुम्ही अडीच फुटी रुळांवरच्या गाडीत बसता. अचलपूरला जाणारी ही गाडी, जिला सगळा मुलूख शकुंतला म्हणतो. डब्यात कापसाची गाठोडी, कोंबड्या, बिडीचा धूर आणि अंजनगावच्या बाजाराला निघालेल्या बाया. गाडी इतकी सावकाश चालते की खिडकीतून तुरीच्या शेंगा तोडाव्यात. बनोशाला उतरायचं. हे दर्यापूरचं स्टेशन. पुढे बंडी.

तुमच्या झोळीत बोलेक्स कॅमेरा आहे. स्वित्झर्लंडची ही १६ मिमीची पेटी तीनच वर्षांपूर्वी बाजारात आली. तिला वीज लागत नाही, चावी द्यावी लागते. एका चावीत साधारण २८ सेकंद चित्रीकरण होतं. १०० फुटांचं एक रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. तुमच्याकडे चार रिळं आहेत, म्हणजे एकूण अकरा मिनिटं. आणि ज्यांच्यासाठी आलात ते बाबा रात्री एकदा उभे राहिले की तासन्‌तास खाली बसत नाहीत.

बंडीवाला वळून विचारतो, "कोठचे हो भाऊ तुमी? अन्‌ या पेटीत काय हाय?"

तुम्ही सांगता.

"बाबाचा फोटो काढता? बाप्पा! पायाले हात लावू देत नाहीत थे, फोटो काय काढू देतीन!"

गाव पूर्णेच्या काठचं कुठलंही घ्या. वेशीपाशी एक माणूस खराट्याने रस्ता झाडतो आहे. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, जवळ मातीचं गाडगं. गावच्या पोरांना तो वेडा वाटतो. तुम्ही फसत नाही, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलात आणि हा चेहरा शाळेच्या भिंतीवर पाहिलेला आहे. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, परीट घरातले. आजोळ मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. १९०५ साली घर सोडलेले. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणतात.

तुम्ही चावी देता आणि बटण दाबता. खराटा, धूळ, गटारातून उपसलेला चिखल. २८ सेकंद. पुन्हा चावी. तेवढ्यात तुमच्याही हातात खराटा येतो. इथे बघे म्हणून उभं राहता येत नाही. कॅमेरा ओट्यावर ठेवावा लागतो आणि पुढचा तासभर तुमच्या माहितीपटात एकही चौकट भरत नाही. तुमच्या पाठीला मात्र कळतं की हे काम देखाव्याचं नाही. पाराखालचा उकिरडा हलवायला चाळीस माणसं लागतात, आणि दुपारी तिथे खरोखर चाळीस माणसं आहेत.

रात्री खरी पंचाईत होते. कीर्तन पारासमोर, उजेड एका गॅसबत्तीचा. १९३८ ची फिल्म मंद. बाबांचा चेहरा तिच्यावर उमटणार नाही, उमटलाच तर एक पांढरा ठिपका. जे चित्रित करायला आलात तेच तुमच्या यंत्राला दिसत नाही. झाकण लावा आणि ऐका.

आणि ऐकता ऐकता लक्षात येतं की फार काही हुकलेलं नाही. हरिदासी कीर्तनाला पूर्वरंग असतो. बुवा आधी सिद्धांत मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. या माणसाचा पूर्वरंग दिवसभर खराट्याने झाला, भर उन्हात, तुमच्या फिल्मला झेपेल अशा उजेडात. आता फक्त उत्तररंग चालू आहे. त्यात राम-रावण नाहीत. त्यात गावचा सावकार आहे, लग्नासाठी काढलेलं कर्ज आहे, दारूची बाटली आहे, देवाला कापलेलं बोकड आहे. ताट विका, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा सांगावा आहे. स्वतःला अक्षर येत नाही, हेही तेच सांगतात.

पण सांगावा कागदावरही वाचता येतो. तुम्ही ऐकायचं ते वेगळं आहे. बाबा एक छोटा प्रश्न टाकतात. थांबतात. लोक उत्तर देतात, निम्मे चाचरत. बाबा तोच प्रश्न उलटा करून टाकतात. आता उत्तर जोरात येतं, हसण्यात मिसळून. तिसऱ्या खेपेला सगळा पार एका तोंडाने "नाही!" म्हणतो, आणि नेमक्या त्या क्षणी बाबा धून लावतात. तबला नसला तरी चालतं. ठेका त्या प्रश्नोत्तरातच बसलेला आहे: आघात, खाली, आघात. टाळ्या त्याच ठेक्यात पडतात. संगीत बाबांच्या गळ्यात अर्धंच आहे, उरलेलं लोकांच्या तोंडी. भिंतीपाशी लुगड्याचा पदर तोंडात धरून बसलेली म्हातारी आधी हसते, मग तिचं हसू थांबतं. तिचा दारुडा मुलगा तिच्या शेजारीच बसलेला आहे.

कॅमेरा तिच्याकडे वळवायला हवा होता. बाबांकडे नव्हे. या प्रवासात मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच: वऱ्हाडातला संत टिपायचा तर त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं.

हा काही माझा शोध नाही. दिग्दर्शक मणि कौल यांनी १९८२ साली 'ध्रुपद' हा माहितीपट केला. झिया मोहिउद्दीन आणि झिया फरिदुद्दीन डागर या भावांचं गाणं त्यात आहे, पण शेवटी कॅमेरा गवय्यांना सोडून देतो आणि मुंबईच्या वस्तीवरून सावकाश सरकत राहतो. मराठी माहितीपटकारांत हाच मार्ग अरुण खोपकरांनी वेगळ्या रीतीने धरला. जहांगीर साबावालांच्या चित्रांवरचा १९९३ चा 'कलर्स ऑफ अॅबसेन्स', हिंदुस्थानी संगीतावरचा २००० चा 'रसिकप्रिया'. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'साठी चौदा वर्षं शाहिरांचा पाठलाग केला, आणि त्यात गाणाऱ्यांइतकीच ऐकणारी वस्ती दिसते. पण कौल आणि खोपकर यांची ती कला शहरांच्या आणि घराण्यांच्या आश्रयातली. पारावर बसून गायलेल्या गाण्यासाठी हाच डोळा आपण फारसा वापरलेला नाही.

आता मागे जा. यंत्र जड होईल.

१९०८, वैशाख, अकोला. शिवजयंतीची सभा. खांद्यावर लाकडी तिवई, काळं फडकं आणि काचेच्या प्लेटा. एक चित्र घेतल्यावर दुसरी प्लेट चढवायची. व्यासपीठावर लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आणि शेगावचे गजानन महाराज. टिळक बोलत आहेत. येत्या जून महिन्यात त्यांना अटक होणार, मग मंडाले, हे सभेत एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. सांगायची सोय नाही. महाराजांबद्दल पुढे १९३९ साली दासगणू 'श्री गजानन विजय' लिहितील आणि ही सभा घरोघरच्या पारायणात जाईल. तुमच्या प्लेटवर मात्र काय येतं? हलणारा वक्ता धूसर, आणि स्थिर बसलेला महाराजांचा देह तेवढा ठळक. त्या काळच्या यंत्राला अवलियाच सोयीचा होता.

सभा संपल्यावर खापर्ड्यांच्या मागे अमरावतीला जा. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, जन्म १८५४, नावाजलेले वकील. १८९७ ची काँग्रेस अमरावतीत भरली तेव्हा स्वागताध्यक्ष. १९०५ च्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष. नाटक, गाणं, जेवणाच्या पंगती आणि साधुसंत या सगळ्यांचा सोस असलेला हा माणूस रोज रात्री रोजनिशी लिहितो. माझ्या मते वऱ्हाडातला पहिला माहितीपटकार हाच. कॅमेरा नाही, पण शिस्त तीच. कोण आलं, कोण गायलं, कोणती पोथी वाचली, किती वाजता झोपलो. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ ते शिर्डीला साईबाबांजवळ राहिले, आणि त्या दिवसांतल्या नोंदी आजही वाचल्या जातात. कारण त्यांत चमत्कारांपेक्षा दिनक्रम जास्त आहे. सकाळी उठलो, प्रार्थना केली, साईमहाराज बाहेर जाताना पाहिले, मग परत येताना पाहिले. नागपूरकडचे भीष्म नावाचे भक्त भजन म्हणत, तेही त्यात येतं. एकाच माणसाला रोज येता-जाता पाहणं आणि रोज लिहिणं. कंटाळा येईल इतकं. मोठ्या माहितीपटांचं कच्चं चित्रीकरण असंच असतं, आणि ते पाहताना संकलक जांभया देतो. पण त्या जांभयांतूनच त्याला कळतं की आपला माणूस खरा कसा चालतो.

खापर्ड्यांनी एक केलं नाही. शिर्डीतल्या मशिदीच्या पायरीवर बसलेल्या बाकीच्यांना त्यांनी फारसं बोलतं केलं नाही. वकील होते ना. साक्षीदार मोजकेच तपासायचे.

१९१०, माधान. चांदूर बाजाराजवळचं हे गाव. तुमच्याजवळ आता मेणाच्या नळकांड्यांचा फोनोग्राफ आहे. एका नळकांड्यावर दोन ते चार मिनिटं आवाज बसतो. समोर एकोणतीस वर्षांचे गुलाबराव महाराज. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानतात. मधुराद्वैत ही त्यांची मांडणी. आयुष्य अवघं चौतीस वर्षांचं, १९१५ ला संपणारं, आणि मागे शंभराहून अधिक ग्रंथ. त्यांतली एक ओळही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. ते बोलत जातात, लोक लिहीत जातात. दुसरे वाचत जातात, ते ऐकत जातात.

इथे कॅमेरा काढून उपयोग नाही, आणि काढला तर थोडी लाजही वाटेल, कारण समोरच्याला कळणार नाही की आपण टिपले जातो आहोत. म्हणून विचारा. कर्णा समोर धरा. महाराज बोलू लागतील. चार मिनिटांत एक वाक्य पुरं होईल की नाही शंका आहे, कारण त्यांचं वाक्य वेदान्तातून निघतं, भक्तीतून वळसा घेतं आणि मधेच एखाद्या पाश्चात्य पंडिताचा समाचार घेतं. मेण संपतं. वाक्य चालूच राहतं. लेखनिकाच्या बोरूची कुरकुर चालूच राहते. त्या घरातलं खरं ध्वनिमुद्रण यंत्र तो लेखनिक आहे. त्याची बोटं काळी झालेली आहेत. त्या बोटांचं चित्र घ्या.

पुन्हा पुढे या. ८ नोव्हेंबर १९५६, मुंबई. वऱ्हाडाबाहेर जावं लागतं आहे, पण माणूस तोच. वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात गाडगेबाबांचं कीर्तन आहे. ऐंशी वर्षांचं शरीर. तुमच्यासमोर आता फितीचं यंत्र आहे. १२०० फुटांची एक फीत बत्तीस मिनिटं चालते. अठ्ठावीस सेकंदांतून बत्तीस मिनिटांवर! चावी द्यायला नको, उजेडाची भीक नको. या रात्रीचं ध्वनिमुद्रण खरोखर झालं आणि ते आजही ऐकायला मिळतं.

ऐकाच. पण हेडफोन लावून ऐका, आणि बाबांच्या आवाजामागे कान द्या. प्रश्न, थांबा, उत्तर. लोक हसतात ते ऐका. पूर्णेकाठच्या त्या अंधाऱ्या रात्री तुमच्या फिल्मवर जे उमटलं नाही ते इथे फितीवर बसलेलं आहे, आणि चेहरा नसल्यामुळे काहीही बिघडलेलं नाही.

यानंतर बेचाळीस दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. त्याच महिन्याच्या ६ तारखेला बाबासाहेब आंबेडकर गेले होते. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा बाबांनी ज्यांच्या हाती सोपवली होती, ते. दोन्ही बातम्या एका पंधरवड्यात अमरावतीत पोहोचल्या. अंत्ययात्रेचं चित्रीकरण करू नका. गर्दी आपोआप मोठी दिसते आणि प्रेक्षक आपोआप रडतो, म्हणून ते सोपं आहे.

१९७७ ला क्षणभर थांबायला हवं. दिग्दर्शक राजदत्त 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट करत आहेत आणि डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले आहेत. पडद्यावर बाबांना आता चेहरा मिळाला, अनेकांच्या मनात आजही तोच आहे. लागूंच्या ताकदीबद्दल वाद नाही. पण कथापटात जमावाचं "नाही!" सुद्धा कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि ते म्हणणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी मिळालेली असते. माहितीपटाची जागा तिथे सुरू होते जिथे "नाही" येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, बाबांनाही नाही.

आता अकोल्यात या. एका गल्लीत भाद्रपदातली पौर्णिमा उलटली आहे. साल कुठलंही घ्या. घरात भुलाबाई बसली आहे, शेजारी भुलोबा. कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर फिरतील, टिपऱ्या वाजवतील आणि सासर-माहेरची गाणी म्हणतील. शेवटी डब्यात झाकलेला खाऊ ओळखायचा. इथे संत नाही, बुवा नाही, मठ नाही. म्हणून या गाण्यांकडे आध्यात्मिक म्हणून कुणी पाहत नाही. पण गाण्यात भुलाबाई, म्हणजे पार्वती, सासुरवासाला कंटाळते, रुसते आणि माहेरी निघून जाते. देवाला इतकं घरचं माणूस करून टाकणं हे मोठ्या तत्त्वज्ञांनाही जमलेलं नाही. दोन चालींत गाणं संपतं आणि पोरी पुढच्या घरी पळतात. मागे धावू नका. दारात उभं राहून त्यांच्या टिपऱ्यांचा आवाज दूर जाईपर्यंत यंत्र चालू ठेवा.

शेवटचा मुक्काम आजच्या काळात: मोझरी, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं गुरुकुंज. १९०९ साली यावलीत जन्मलेले, वरखेडच्या आडकोजी महाराजांचे शिष्य माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे तुकडोजी महाराज, यांनी हा आश्रम १९३५ साली उभा केला. खंजिरी हे त्यांचं वाद्य. एका हाताच्या पंजात मावणारं, चामड्याचं आणि झांजांचं, चालता चालता वाजवता येणारं, आणि तुमच्यासारख्या फिरत्या माणसाला परवडणारं. हीच खंजिरी गावोगाव फिरली, १९४२ च्या आंदोलनात महाराजांसोबत तुरुंगाच्या वाटेपर्यंत गेली, आणि १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हा वऱ्हाडचा हा ठेका तिथवर पोहोचला.

११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराज गेले. दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला, त्याच घडीला, इथे मौन श्रद्धांजली होते. मैदानात लाखो माणसं असतात.

ध्वनिमुद्रण करणारे लोक प्रत्येक ठिकाणी काम संपल्यावर अर्धं मिनिट नुसती शांतता मुद्रित करून घेतात. तिला ते रूम टोन म्हणतात. कारण कुठलीही दोन ठिकाणं सारखी गप्प नसतात. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्या ठिकाणच्याच शांततेने भरावी लागते, नाहीतर कानाला ठिगळ कळतं. आता डिजिटल यंत्र आहे. हवे तितके तास चालेल. ४:५५ ला बटण दाबा आणि घड्याळाकडे बघू नका.

कुठेतरी पोर खोकतं. पताका फडफडते. दुरून एक हॉर्न. एका म्हाताऱ्याच्या काठीचं टोक खडीवर सरकतं. मग तेही नाही. लाखो लोकांचा श्वास एकत्र झाला की तो यंत्रावर वाऱ्यासारखा वाटतो, पण वारा नसतो. व्यासपीठावर कोण आहे हे तुम्हाला तिथून दिसत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. थोड्या वेळाने प्रार्थना सुरू होते, आणि ती कुणा एका गवयाची नसते.

आता तुमची पाळी. तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत भुलाबाईची गाणी येणारी आजी असेल, खंजिरी वाजवणारे काका असतील, डहाक्याची गाणी म्हणणारं एखादं मंडळ असेल. आधी विचारा, हो म्हणाले तरच पुढे. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गाणाऱ्याच्या तोंडाशी न धरता ऐकणाऱ्यांच्या मधे ठेवा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात गाव, तारीख आणि गाणाऱ्याचं नाव बोला, नाहीतर वीस वर्षांनी ती फाइल कुणाची हे घरातल्यांनाही सांगता येणार नाही. मधे दाद द्यायची असेल तर द्या. गाणं संपल्याबरोबर बंद करू नका, अर्धं मिनिट चालू राहू द्या. मग एक प्रत त्यांना द्या आणि एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.